सुरक्षा-खीळ

एकतीस वर्षं खडकीच्या डेपोत बसून
मी रशियन तोफांच्या माहितीपुस्तिका उतरवून काढल्या.
पहिल्याच पानावर एक शब्द अडला होता,
प्रेदख्रानीतेल.
बंदुकीचा चाप अडवून धरणारी खीळ, ती तीच,
आणि घरातला जळून जाणारा फ्यूज, तोही तोच.
साहेब म्हणाले, घारपुरेबाई, काहीतरी एक लिहा.
मी लिहिलं, सुरक्षा-खीळ.
कुठल्यातरी रणगाड्याच्या पोटात
तेलकट बोटांनी काळं झालेलं ते पान
अजून असेलही.

ज्या वर्षी पेटी क्रमांक एकशे सोळा गेली,
आत तोफगोळ्यांचे फ्यूज
(त्यांना रशियनमध्ये शब्द वेगळा आहे,
पण सभेत सगळे फ्यूज सारखेच),
त्या वर्षी डेपोच्या मागच्या भिंतीला, बोपोडीच्या अंगाला,
माणूस सहज जाईल एवढं भगदाड होतं.
पोरं चेंडू आणायला आत जात
आणि दरवानाला विचारून परत येत.
भाऊसाहेब रणनवरे तेव्हा विरोधात.
खडकी बाजारात ट्रकवर उभे राहून गरजले,
“देश मॉस्कोकडे गहाण टाकलाय यांनी!
भिंतीला भोक, आणि तोंडाला कुलूप!”
टाळ्या पडल्या.
मीही वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

भिंत बुजवली. पेटी मिळाली नाही.
निलंबित झाला मारुती डोळस, रात्रपाळीचा दरवान.
त्याच्या आडनावावर कँटीनमध्ये
लोक बरेच दिवस हसत होते.

या आषाढात पुन्हा एक पेटी गेली.
भिंत आता उंच, वर काटेरी तार,
तारेत दोन फाटके पतंग,
आणि खाली भगदाड, जुन्याच जागी.
भाऊसाहेब आता सत्तेत.
आवाज बसलाय, पण शब्द शाबूत:
“असले प्रश्न विचारणं म्हणजे
जवानांचं मनोधैर्य खच्ची करणं.”
त्याच आठवड्यात मॉस्कोचं शिष्टमंडळ आलं.
मला गाडी पाठवून घरून उचललं,
निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी.

कोरेगाव पार्कातलं हॉटेल, एसी असा की दात वाजावेत.
भाऊसाहेबांनी पाहुण्याला पगडी घातली,
ती कानांवर उतरली.
“संकटात धावून येणारा जुना मित्र,” म्हणाले.
मी म्हटलं, स्तारी द्रुग.
भाषांतर अचूक होतं.
माझ्या डोळ्यांपुढे तो ट्रक होता.

जेवताना त्यांच्यातला एक इंजिनियर, अरकादी,
पांढऱ्या भुवयांचा, अळूवडी काट्याने उलगडत म्हणाला,
त्या पेटीतला माल आमच्या कारखान्यातला.
मोजदाद कोण ठेवतं तुमच्याकडे?
मी मराठीत सांगितलं.
भाऊसाहेब फोटोसाठी हसत होते.
ओठ न हलवता म्हणाले,
“बाई, त्याला हवामानाचं काहीतरी सांगा.”

मी सांगितलं. शब्दशः.
“भाऊसाहेब म्हणतात,
बाई, त्याला हवामानाचं काहीतरी सांगा.”

अरकादी माझ्याकडे बघत राहिला.
मग वडी पुन्हा गुंडाळून ठेवत म्हणाला,
“आमच्याकडेही हवामान हेच आहे.”
हे मी भाऊसाहेबांना सांगितलं नाही.
दुभाष्यालाही एखादी पेटी
हरवता यायला हवी.

परतीला गाडी नव्हती.
होळकर पुलावर रिक्षावाल्याने बातमी वाचून दाखवली:
कंत्राटी सुरक्षारक्षक निलंबित, वय तेवीस.
नाव? मी विचारलं.
नाव नाही दिलंय, म्हणाला. मीटर बघा, नव्वद झाले.

घरी वीज गेली होती. फक्त माझ्याच घरची.
मेणबत्ती धरून स्टुलावर चढले, पेटी उघडली.
वितळलेली तार,
केसाएवढी, टोकाला काळी,
तळहातावर घेऊन जरा वेळ बघत बसले.
जळाली ती तेवढीच.
फ्रिज शाबूत, पंखे शाबूत,
बैठकीतलं झुंबर शाबूत.